उरलेलं ताक आंबट झालं म्हणजे वाया गेलं असं नाही

प्रश्न असा आहे: घरात माणसं दोनच. रोज एक लिटर म्हशीचं दूध येतं, आठवड्याची साय साठवून रविवारी लोणी काढलं जातं. त्यातून दीड-दोन लिटर ताक निघतं. पहिल्या दिवशी प्यायलं जातं, एकदा कढी होते, आणि बुधवारी उरलेलं ताक आंबट झालं म्हणून मोरीत ओतावं लागतं. जीव हळहळतो. हे ताक टिकवायचं कसं आणि संपवायचं कसं?

मी गेली २८ वर्षं घरगुती लोणी-तूप करून देते. आठवड्यातून दोनदा घुसळण होतं आणि प्रत्येक वेळी बारा-पंधरा लिटर ताक समोर उभं राहतं. तूप विकलं जातं, ताकाचं करायचं काय हा प्रश्न पहिली दोन वर्षं मलाही छळत होता. माहेर कोल्हापूरचं आणि सासर रत्नागिरीचं, त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या परीनं शिकवलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ताकाला वय असतं, आणि प्रत्येक वयाचा पदार्थ वेगळा असतो. तुमचं ताक बुधवारी खराब होत नाही, ते फक्त प्यायच्या वयातून पुढे जातं. खरं तर उकड, आंबील, ढोकळा यांच्यासाठी ते तेव्हाच तयार झालेलं असतं. ताज्या ताकाची उकड केलीत तर ती मिळमिळीतच लागणार.

आधी आंबट आणि खराब यांतला फरक सांगते, कारण ओतून देणं तिथूनच सुरू होतं. विरजणातले जीवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे काम घुसळल्यावर थांबत नाही, फ्रिजमध्ये फक्त मंद होतं. म्हणून ताक दिवसागणिक आंबट होत जातं, आणि हेच आम्ल इतर बऱ्याच नको त्या जंतूंना वाढू देत नाही. ताकावर पिवळसर, पारदर्शक पाणी आलं तर घाबरू नका. ती निवळी आहे, ताक फाटलेलं नाही. मात्र चव कडू लागली, वर गुलाबी, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, चमचा उचलल्यावर तार आली, किंवा कुजकट वास आला, तर कढवून किंवा मसाले घालून ते वाचवायला जाऊ नका. बुरशीचा ठिपका वरून काढून खालचं वापरणंही नको. सरळ ओतून द्या. आंबटपणाला औषध आहे, कडूपणाला नाही.

कडू ताकाची तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते, आणि त्याचं मूळ ताकात नसून सायीत असतं. आपण रोजची साय डब्यात टाकत जातो, आठ-दहा दिवसांनी एकदम विरजण लावतो. एवढे दिवस ती साय फ्रिजमध्ये नुसती पडून असते. थंडीतही वाढणारे काही जीवाणू असतात, ते सायीतल्या प्रथिनांचे तुकडे करत बसतात आणि तिथून कडवटपणा येतो. नंतर विरजण लावलं तरी तो जात नाही. उपाय अगदी साधा आहे. साय साठवायच्या पहिल्याच दिवशी डब्याच्या तळाला दोन चमचे चांगलं गोड दही घाला. रोजची साय त्यावर टाकून हलवा. म्हणजे डब्यात पहिल्या दिवसापासून आम्ल असतं आणि बाकीच्यांना जागा मिळत नाही. सहा-सात दिवसांच्या वर साठवू नका. त्याहून जास्त थांबायचं असेल तर डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि आदल्या रात्री बाहेर काढून विरजण लावा. माझं ताक पाच दिवस नीट राहतं त्याचं निम्मं श्रेय या दोन चमचे दह्याला आहे.

आता रविवारचा पहिला तास. लोण्याचा गोळा वर आला की तो काढून घ्या आणि ताक लगेच दुसऱ्या भांड्यात गाळा. त्यानंतर लोणी धुताना जे पांढरं पाणी निघतं ते ताकात मिसळू नका. आपल्याला वाटतं ताक वाढलं, पण त्या पाण्यानं ते पातळ होतं आणि लवकर बिघडतं. ते पाणी त्याच दिवशी कणीक किंवा भाकरीचं पीठ मळायला घ्या. ताकात मीठ, जिरं, कोथिंबीर, आलं काहीही घालून ठेवू नका. कोथिंबिरीचं ताक दुसऱ्या दिवशीच वास मारतं. मसाला पेल्यात घालायचा, बरणीत नाही.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेचं, कल्हई गेलेलं भांडं ताकाला कधीही नको. हे मी स्वतः शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत सासूबाईंची पितळी घागर मोठ्या हौसेनं ताकासाठी काढली होती. आतली कल्हई तळाशी हातभर उडाली होती, ते मी पाहिलंच नाही. सकाळी ताक हिरवट दिसत होतं आणि जिभेवर टेकवताच नाण्यासारखी चव आली. ताक कळकलं होतं. दहा लिटर ताक गेलं. पण कोणाच्या पोटात जायच्या आधी कळलं, हे नशीब. ॲल्युमिनियमचं पातेलंही टाळा.

बरणी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा. आणि माझ्या आईचा एक उपाय करून पाहा. रोज एकदा, बरणी न हलवता, वर आलेली निवळी अलगद ओतून काढायची आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घालायचं. आम्ल त्या निवळीतच बरंचसं विरघळलेलं असतं, त्यामुळे ताकाचा आंबटपणा चांगलाच उतरतो. तिसऱ्या दिवसाचं ताक असं धुतलं की पुन्हा प्यायजोगं होतं. काढलेली निवळी टाकू नका, त्यात वरणासाठीची डाळ नको, ती लवकर शिजत नाही, पण थालीपिठाचं पीठ भिजवायला ती उत्तम.

पहिल्या दोन दिवसांत जेवढं पिता येईल तेवढं प्या आणि जेवढं देता येईल तेवढं द्या. आमच्या लहानपणी दुधाचे पैसे घेत, ताकाचे नाही. ज्याच्याकडे घुसळण त्याच्या दारात सकाळी तांबे घेऊन माणसं उभी असायची. ‘ताकापुरतं रामायण’ ही म्हण तिथूनच आली. ताक मिळेपर्यंत बसून ऐकायचं आणि तांब्या भरला की निघायचं. तुमच्या जिन्यात चार घरं असतील तर लिटरभर ताक रविवारीच वाटून टाका. तुमचा प्रश्न निम्मा तिथंच सुटेल. त्यातलं दोन चमचे ताक विरजणाला वापरा. चांगल्या ताकाचं दही छान लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कढी. कढी सगळ्यांना येते, पण फुटते का हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून जरा थांबून सांगते. ताकातली प्रथिनं आंबटपणामुळे आधीच गोळा झालेली असतात. उष्णता लागली की ती आणखी आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि मग वर पाणी, खाली रवा असं दिसतं. बेसन किंवा तांदळाचं पीठ असलं की त्यातला स्टार्च फुगून त्या कणांच्या मध्ये बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून पीठ गार ताकातच कालवायचं. ताक गरम झाल्यावर वरून पीठ लावलं तर उशीर झालेला असतो. एक लिटर ताकाला दोन मोठे चमचे बेसन पुरतं. ताक फार आंबट असेल तर तीन घ्या. रवीनं एकजीव करा, आलं-मिरची-जिरं ठेचून घाला, चिमूटभर साखर, आणि मंद आचेवर ठेवून पळी फिरवत राहा. फोन आला तरी पळी सोडू नका. पहिला कड येईपर्यंतची आठ-दहा मिनिटंच धोक्याची. कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले की दोन-तीन मिनिटं ठेवून बंद करा, ऊत येऊ देऊ नका. मीठ शेवटी. तुपाची फोडणी वरून: जिरं, हिंग, कढीपत्ता, चार मेथीदाणे, आवडत असेल तर दोन लवंगा. उरलेली कढी दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा तेच, मंद आच आणि हात चालू.

आंबटपणा मोडायला कोणी कढीत खायचा सोडा घालायला सांगेल. तो घालू नका. कढी फसफसते आणि साबणासारखी लागते. त्यापेक्षा आधी निवळी काढून घ्या.

हिवाळ्यात हेच ताक चाकवताकडे जातं. चाकवत, मूठभर हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे कुकरमध्ये शिजवून, भाजी घोटून, त्यात बेसन लावलेलं ताक आणि वर लसणाची खमंग फोडणी. चाकवत नसेल तर पालक, तोही नसेल तर अंबाडी सोडून कुठलीही पालेभाजी चालते. अंबाडी स्वतःच आंबट, तिला ताक नको. ताकातलं पिठलं तर तुम्ही करत असालच.

चौथ्या दिवशीच्या ताकासाठी मी अक्षरशः वाट पाहते, कारण त्या दिवशी उकड असते. सासूबाईंच्या हातची उकड मी कितीतरी दिवस बिघडवत होते. चुकत होतं ते हे, की मी ताजं ताक घ्यायचे. एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्या चांगलं आंबट ताक, एक वाटी पाणी. पीठ ताकात गुठळी न राहता कालवून ठेवा. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, भरपूर कढीपत्ता. लसूण कडेनं तांबूस झाला की कालवलेलं ताक ओता. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, पातळ पिवळं ताक नुसतं फिरत राहतं. मग तळाला काहीतरी जड लागतं, पळीमागे रेघ उमटते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळं एकदम घट्ट होतं. याच वेळी हात जोरात चालवायचा, नाहीतर गुठळ्या झाल्याच. मीठ घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर दोन-तीन वाफा आणा, मध्ये एकदा पाण्याचा हबका मारून ढवळा. शिजलेली उकड चमकते आणि कढईची कड सोडते. पांढुरकी आणि चिकट दिसत असेल तर अजून कच्ची आहे. बशीत घेऊन मध्ये खळगा करायचा, त्यात कच्चं तेल. तूप घालणारेही आहेत, पण आमच्या घरात उकडीवर तेलच. दोन माणसांचं रात्रीचं जेवण होतं आणि अर्धा लिटर ताक संपतं.

माहेरचा पदार्थ म्हणजे आंबील. कोल्हापुरात रेणुकेची आंबील यात्राच भरते, आणि उन्हाळ्यात तर आंबील रोजची. अर्धी वाटी ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ धार धरून सोडायचं, ढवळत पाच-सात मिनिटं शिजवायचं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पूर्ण गार झालं की वरून ताक घालून सारखं करायचं. गरम आंबिलीत वरचं ताक घातलं तर ते फाटतं, एवढं सांभाळा. डबा घेऊन उन्हात जाणाऱ्या माणसाला ही एका तांब्यात भरून द्या, दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

आंबट ताक आणि सोडा ही जोडी जिथं जिथं लागते तिथं तुमचं ताक दह्यापेक्षा चांगलं काम करतं. आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, पीठ फुगतं. ढोकळ्याला एक वाटी ताकामागे अर्धा छोटा चमचा सोडा पुरे, तोही भांडं वाफेवर ठेवायच्या अगदी आधी. आधी घातला तर वायू उडून जातो आणि ढोकळा बसतो. रवा ताकात अर्धा तास भिजवून कांदा-मिरची घालून केलेली धिरडी सोड्याशिवायही हलकी होतात. थालीपिठाची भाजणी ताकात भिजवली की थालीपीठ थंड झाल्यावर कडक होत नाही. सुरळीच्या वड्यांना बेसन एक वाटी, ताक एक वाटी, पाणी दोन वाट्या, आणि ताट पालथं घालून झरझर पसरवण्याची तयारी. त्यात घाई आहे, एकटीनं पहिल्यांदा करू नका.

प्रवासाला निघालात आणि लिटरभर ताक तसंच आहे, अशा वेळी दोन वाटा आहेत. एक, ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, घट्ट झालं की वड्या पिशवीत भरून ठेवा. वितळल्यावर पाणी आणि ताक वेगळं होतं, प्यायला ते बरं लागत नाही, पण पीठ भिजवायला आणि कढीला रवी फिरवली की चालतं. दुसरी, ते मुद्दाम फोडा. स्टीलच्या पातेल्यात पीठबीठ काही न लावता उकळा, फाटलं की धुतलेल्या पंचात गाळून टांगा. लिटरला जेमतेम वाटीभर मऊ चोथा मिळतो. लोणी निघून गेल्यामुळे तो कोरडसर असतो, पण कांदा-टोमॅटो परतून त्याची भुर्जी छान होते, पराठ्यात भरता येतो. खालचं पाणी कणकेला.

आणि फाल्गुन-चैत्रात ऊन चांगलं असेल तर मिरच्या. अर्धा किलो जाड सालीच्या, कमी तिखट मिरच्या धुऊन, कोरड्या पुसून, मधोमध चीर द्या. आंबट ताकात चांगलं खारट लागेल एवढं मीठ, हळद, हिंग घालून मिरच्या रात्रभर बुडवा. सकाळी काढून उन्हात, संध्याकाळी परत त्याच ताकात. तीन-चार दिवसांत मिरच्या सगळं ताक पिऊन टाकतात. मग कडकडीत वाळवा, वाकवली की मोडली पाहिजे. जराही ओलसर राहिली तर बरणीत बुरशी धरते. वर्षभर तळून भाताबरोबर खा. ढगाळ हवामानात मात्र हे करायला घेऊ नका, दोन दिवस ऊन आलं नाही तर सगळं वाया जातं.

पाच-सहा दिवसांचं, खूपच आंबट झालेलं ताक उरलं तर देवाची पितळी-तांब्याची भांडी त्यात कपडा बुडवून घासा. हिरवे-काळे डाग चिंचेइतकेच सहज निघतात. मग पाण्यानं स्वच्छ धुऊन लगेच कोरडी पुसायची.

शेवटचा वाटा कढीपत्त्याचा. एक वाटी ताकात पाच-सहा वाट्या पाणी मिसळून पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी घाला. माझ्या गॅलरीतला कढीपत्ता यावरच पोसला आहे, आणि पिकावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, धरते तेव्हा शेतकरीही असंच पातळ, गाळलेलं आंबट ताक पानांवर फवारतात. घट्ट ताक कुंडीत ओतलं तर मातीवर साका बसतो, वास येतो, मुंग्या लागतात. आणि मीठ घातलेलं ताक झाडाला एक थेंबही नको, ते पुन्हा पिण्याचं मन नसेल तर त्यात भाकरीचं पीठ मळा.